उपग्रह सापडला नाही, इवाई सापडले

अमरावती,
सोमवार, दुसरा चहा झाल्यावर

सन्माननीय किशोरराव साळेबुवा यांस,
दोन्ही पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसलेल्या गोपाल काळमेघचा बसल्या जागेवरून नमस्कार.

तुम्ही वयाने माझ्याहून लहान, पण बायकोचे भाऊ, म्हणजे मानाने मोठेच. शिवाय हे पत्र टपालात पडण्याआधी तुमची बहीण वाचणार आहे, तेव्हा 'सन्माननीय' लिहिणं भाग आहे. तब्येत कशी आहे? मानेचा पट्टा निघाला का? पुण्यात फार थंडी पडली असं तुम्ही म्हणालात. पुण्याच्या माणसाला पंखा बंद करावा लागला की थंडी पडल्यासारखं वाटतं, आणि तुम्ही आता पुण्याचेच झालात. (परवा फोनवर तुम्ही इवायाला 'व्याही' म्हणालात. तुमच्या बहिणीने, सीमाने, डोळे पुसले.) खरं म्हणजे ही हकिकत फोनवरही सांगता आली असती, पण तुम्ही मधे मधे बोलता, आणि मला काल सकाळपासून इतका आनंद झालेला आहे की मधे कोणी बोललेलं खपणार नाही. म्हणून पत्र.

दिवाळीत तुम्ही मला पळताना मनगटावर बांधायचं घड्याळ दिलंत आणि मी तोंडभरून आभार मानले. त्यातले निम्मे आभार आज परत घेतो. घड्याळ वाईट आहे असं नाही. ते हुशार आहे, आणि तीच अडचण आहे. आमच्या खानदानात एवढं हुशार कोणी नसल्यामुळे त्याच्याशी कसं वागावं ते कोणाला कळत नाही. याआधी मी रोज सकाळी वडाळी तलावाकडे पळायला जायचो. दमलो की हळू व्हायचो, बरं वाटलं की जोरात जायचो, घरी येऊन पोहे खायचो. घड्याळ आल्यापासून पळायचं काम त्याने घेतलं आणि त्याच्या मागे मागे जायचं काम मला आलं. वेग किती, छाती किती धडधडते, काल झोप कशी लागली, सगळं ते सांगतं, आणि नुसतं मला नाही, तुमच्या मोबाईललाही सांगतं. एकदा त्याने माझा रस्ता सरळ तलावाच्या पाण्यातून काढला, तेव्हा भाऊजी पोहायला लागले काय म्हणून तुमचाच फोन आला होता. एक दिवस पाहुणे आले म्हणून मी घरी थांबलो, तर त्याने मला 'अनप्रॉडक्टिव्ह' असा शेरा दिला. (हे मत याआधी फक्त तुमच्या बहिणीने मांडलं होतं, तेही मराठीत.)

भातकुलीच्या तेरवीत तर त्याने हद्द केली. मी पंगतीत बसलेलो, भात झाला, बुंदीचं टोपलं ओळीच्या त्या टोकाला लागलं, आणि मनगटावर गुरगुर झाली: फार वेळ बसलात, उठा. मला तोवर इतकं वळण लागलं होतं की मी उठलो. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, ओळीतलं मोठं माणूस उठलं की ओळ उठते. त्या ओळीत सगळ्यात मोठा नेमका मीच. सगळी ओळ बुंदीकडे बघत बघत हात धुवायला गेली. भातकुलीत आता मी दिसलो की लोक आधी वाढप्याकडे बघतात.

आमच्या सकाळच्या मंडळींत एक वाहेदभाई आहेत, कापडाचे मोठे दुकानदार, आळशी आणि बोलघेवडे. ते घड्याळ बांधत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. वाक्य मधे तुटलं तर वेग जास्त, आणि गाणं म्हणावंसं वाटलं तर आपण चालतो आहोत. 'गोपालभाऊ, सांस से पूछो, कलाई से क्या पूछते,' असं ते मला रोज म्हणायचे आणि मी मनगटाकडे बघत पुढे निघून जायचो.

आता मुख्य दुखणं. तुमच्या भाचीला, म्हणजे आमच्या रागिणीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, आणि लेकीला न्यायला केव्हा येऊ हे तिच्या बापाने इवायाला स्वतःच्या तोंडाने विचारायचं, हीसुद्धा रीत. आमचे अकोल्याचे इवाई खुशालराव गावंडे लग्नापासून माझ्याशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे, कारण त्या वेळी तुम्ही जेवणाच्या बाजूला होतात.

वरात दाराशी आली. इवायांच्या भेटीत दोन्ही बापांनी गळ्यात हार घालून मिठी मारायची, आणि आमच्याकडे मिठीवर भागत नाही, इवायाला जमिनीवरून उचलावं लागतं, त्याशिवाय लोक टाळ्या वाजवत नाहीत. फोटोवाल्याने काचा चमकतात म्हणून माझा चष्मा काढून घेतला. त्याच क्षणी डीजेवाल्याने धुराचं यंत्र सोडलं. धुरात मला एक फेटा, मिशा आणि पोट दिसलं. मी ते पोट उचललं. टाळ्या वाजल्या नाहीत. खाली ठेवून जवळून पाहतो तो हे खुशालराव नव्हेत, त्यांचे चुलतभाऊ रामराव, ज्यांच्याशी खुशालरावांचा शेताच्या हद्दीवरून कोर्टात दावा चालू आहे. रामराव अजून बाजारात सांगत असतात की भर मांडवात पोरीच्या बापाने मला उचललं, यांना नाही. मी नंतर पंगतीत माफी मागायला गेलो, तर खुशालराव माझ्याकडे पाठ करून जेवत बसले. मग मलाही राग आला. पाठ काय, आमच्याही घराण्याला आहे. ते म्हणाले हा आधी बोलला तरच बोलेन, मी म्हणालो ते आधी वळले तरच बोलेन. सीमा आणि विहीणबाई, म्हणजे दुर्गाबाई, रोज फोनवर तासभर बोलतात, पण न्यायचा विषय निघाला की दुर्गाबाई म्हणतात, हे पुरुषमाणसांनी ठरवायचं. इकडे दिवस चालले होते, सीमा डिंकाचे लाडू करून ठेवत होती, आणि मी जेवताना तिच्याकडे बघत नव्हतो. मला रात्री खरोखर झोप लागत नव्हती. (घड्याळ म्हणायचं, झोप उत्तम.)

तर काल इथं एकवीस किलोमीटरची शर्यत झाली. मी घड्याळाला विचारून प्रत्येक किलोमीटरचा वेग ठरवला होता. स्टेडियमबाहेर अंधारात, धुक्यात, शेकडो माणसं उड्या मारत उभी, आणि घड्याळ म्हणतं, उपग्रह शोधत आहे. मागचा कोणी म्हणाला, हात वर धरा, लवकर सापडतो. म्हणून मी एसटी थांबवावी तसा हात वर केला. समोरच्या घोळक्यात एक माकडटोपी माझ्याकडे वळली. टोपीखाली खुशालराव. छातीवर शर्यतीचा नंबर. (रक्तात साखर निघाल्यापासून ते अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाने पळतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.) त्यांनी आधी मागे वळून नीट पाहिलं, आपल्या मागे रामराव तर उभा नाही ना म्हणून. मग सावकाश स्वतःचा हात वर केला आणि माणसं बाजूला सारत थेट माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

'बोला,' ते म्हणाले. 'तुमी हात केला.'

किशोरराव, अशा वेळी उपग्रहाचं नाव काढणारा माणूस मूर्ख. मी म्हणालो, 'कवा आले?' ते म्हणाले, काल, लॉजवर उतरलो. इवाई आपल्या गावात येऊन लॉजवर उतरतो, ही आपल्याकडे केवढी चपराक आहे ते तुम्ही पुण्यात विसरला असाल. मी काही बोलणार तेवढ्यात शर्यत सुटली. मनगटाकडे पाहतो तर घड्याळाला उपग्रहाऐवजी अपडेट सापडलेलं. काळ्या काचेवर एक गोल चक्कर फिरत होतं, आणि ते शर्यत संपेपर्यंत फिरत राहिलं.

आधी मी घाबरलो. राजकमल चौकापर्यंत मी सवयीने पाच-सहा वेळा त्या चकराकडे पाहिलं असेल. किती वेगाने चाललोय, पुढे जाऊ का मागे राहू, काही कळेना. मग वाहेदभाईंची युक्ती आठवली. पूर्ण वाक्य बोलून पाहायचं. पण एकट्याने बोलत पळणं बरं दिसत नाही, अमरावतीत आपल्याला ओळखणारे लोक आहेत. तरी हिंमत करून समोर बघत मी म्हणालो, 'यंदा तुरीच्या शेंगा बऱ्या भरल्या.' वाक्य पुरं झालं. वेग बरोबर. तेवढ्यात बाजूने आवाज आला, 'आमच्याइकडं अळी पडली ना पण.' खुशालराव माझ्याच खांद्याला खांदा लावून पळत होते. मी वेग तपासत होतो आणि त्यांना वाटलं मी विषय काढला.

मग काय सांगू तुम्हाला. राजापेठेपर्यंत तूर झाली, दस्तुरनगरपर्यंत साखर झाली, त्यांची आणि माझी. हळूहळू मला सगळं यंत्रच कळलं. माझं वाक्य तुटलं की आम्ही दोघं जरा हळू व्हायचो. खुशालरावांनी लांबण लावली, आजोबांपासून सुरुवात केली, की समजायचं, फार आरामात चाललंय, आणि मी पाय उचलायचो. समोरची माणसं सारखी मनगटं डोळ्यांशी नेत होती आणि आम्ही बोलत बोलत त्यांना मागे टाकत होतो. किशोरराव, तीन वर्षं पळतोय, पण मला माझ्या बुटांचा आवाज काल पहिल्यांदा ऐकू आला. श्वास किती आत जातो ते कळलं. धुकं नाकाला थंड लागतं ते कळलं. मला लहान पोरासारखं हसू यायला लागलं, आणि मी हसलो की खुशालरावही हसायचे, कशाला ते न विचारता.

छत्री तलावाचा चढ आला आणि मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. पण हा चढ बोलायचा नव्हे. वाक्याचे तुकडे पडायला लागले. 'खुशालराव,' म्हणालो, आणि श्वास घेतला. 'रागिणीले,' म्हणालो, आणि पुन्हा घेतला. 'बाळंतपणाले,' आणि मग बराच वेळ नुसताच श्वास. शेवटी 'न्यायले कवा येऊ' एवढं कसंबसं बाहेर पडलं. खुशालरावांच्याही तोंडून शब्द फुटेना. त्यांनी नुसता हात हलवला. तो हात 'या' म्हणत होता, की 'थांबा', की 'पाणी द्या', ते मला ओळखता येईना. पूर्ण चढभर मी त्या हाताचा विचार करत पळत होतो. छाती अशी धडधडत होती की घड्याळ चालू असतं तर त्याने रुग्णवाहिकाच बोलावली असती.

उतार लागला, त्यांना वाक्य आलं.

'सातवा लागला तवापासून मी रोज सकाळी मनून रायलो, आज यायचा फोन येईन. तुमी इचारलंच नाई. लेक तुमची, मी काहून अडवीन?'

मी बुटांकडे बघत पळत राहिलो. थोडं पुढे गेल्यावर तेच म्हणाले, मनातलं. 'रामरावले उचललं त्याचं मले काई नाई. धुरात होते माणसाच्यानं चुका. पण मंग मले काहून नाई उचललं? मी तर तेथंच उभा होतो.'

दोन वर्षं मी समजत होतो की हा माणूस अपमान धरून बसला आहे. तो आपली पाळी येईल म्हणून उभा होता. मला फार वाईट वाटलं, ते तुमच्याजवळ लपवत नाही.

आता शेवटची कमान. तुमची बहीण तिथं दोरीला टेकून उभी होती, तिने आम्हा दोघांना बरोबर येताना पाहिलं आणि हातातला थर्मास खाली ठेवला. आमच्यापुढे आमच्या वयाचे फक्त दोघेच गेले होते, म्हणजे तिसरा नंबर आमच्यातल्या एकाचा ठरलेला. आणि कमानीच्या हातभर अलीकडे मी थांबलो. पाहुण्याच्या आधी घरच्याने कसं जायचं? मी म्हणालो, तुमी पहिले. ते थांबले आणि म्हणाले, नाई, गाव तुमचं, तुमी पहिले. मी म्हणालो, तुम्ही पोराकडचे. ते म्हणाले, तुम्ही वयाने मोठे. स्वयंसेवक शिट्ट्या फुंकत होते, सीमा काहीतरी ओरडत होती, आणि बडनेऱ्याचे एक गृहस्थ आमच्या मधून 'जरा बाजू द्या' म्हणत तिसरा नंबर घेऊन गेले. मग मात्र मी फार विचार केला नाही. चष्मा डोळ्यावर आहे याची खात्री केली, माणूस तोच आहे याची खात्री केली, आणि खुशालरावांना दोन्ही हातांनी कंबरेला धरून उचललं.

एकवीस किलोमीटरनंतर इवाई उचलू नये, हा सल्ला तुम्ही तुमच्या पळणाऱ्या मित्रांना जरूर द्या. मी त्यांना कमानीपलीकडे नेलं खरं, पण ठेवता आलं नाही, आम्ही दोघं तिथंच आडवे झालो. पण टाळ्या, किशोरराव. मांडवात राहिलेल्या सगळ्या टाळ्या काल वाजल्या. लॉजवरची बॅग आणवली, घरी गीला वडा झाला, खुशालराव पाटावर माझ्या शेजारी बसून जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला गेले. येत्या चांगल्या दिवशी आम्ही रागिणीला आणायला जाणार. पाळण्याच्या कड्या सीमाने आत्ताच मला तपासायला लावल्या आहेत. तुमचं घड्याळ वेगळ्या पार्सलने परत करतो आहे, राग मानू नका; ज्याला बोलायला माणूस नाही अशा कोणाला तरी ते द्या.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, मानेला शेक.

तुमचाच,
मोकळ्या मनगटाचा,
गोपाल

ता. क. पत्र पाकिटात घातलं आणि रागिणीचा फोन आला. ती येत नाही. 'बाबा, तुमी दोघांनी पळता पळता ठरवून टाकलं, मले कोणी इचारलं का?' असं म्हणाली. तिची डॉक्टर अकोल्यात, ती शिकवते ती शाळा अकोल्यात, जावईही तिथंच, आणि प्रवास तिला नकोच होता. मग आधी का नाही बोललीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, 'तुमी एकमेकाईशी बोलतच नव्हते, मी कोणाले सांगू?' मी फोन सीमाकडे दिला. म्हणजे ज्या होकारासाठी आम्ही तो चढ चढलो, त्याचं काहीच काम नव्हतं. आता सीमाच दोन-तीन महिने अकोल्याला जाऊन राहणार. लाडूही तिकडेच जातील.

ता. क. दुसरा, आणि हे पत्र आता खरं म्हणजे ज्यासाठी पाठवतो आहे ते. (सीमाने पत्र वाचून परत दिलं आहे, हा भाग तिने पाहिलेला नाही, म्हणून पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे.) खुशालराव म्हणतात, तुम्हीही या, माडीवरची खोली रिकामी आहे, रोज सकाळी मोर्णेच्या काठाने जाऊ. सीमा म्हणते, लेकीच्या सासरी बाप मुक्काम ठोकतो का, लोक काय म्हणतील. तर तुम्ही रागिणीचे मामा, शिवाय पुण्याचे, तुमचं ती ऐकेल. तिला फोन करून एवढंच सांगा, की भाऊजींना पोरीची फार काळजी वाटते, त्यांना बरोबर ने. पळण्याचं नाव काढू नका. काळजी वाटते हे खोटं नाही. रोज वाटते. पण रागिणीजवळ बसलो की मला ती सांगता येत नाही, मी तुरीचे भाव सांगत बसतो. सीमाला सांगितली तर ती रडते. खुशालरावांना पळता पळता सांगता येईल, आणि त्यांनाही ती वाटत असणार, कारण काल चढावर मी रागिणीचं नाव घेतलं तेव्हा दम माझा गेला होता आणि डोळे त्यांनी पुसले.